पहिल्या आठवड्यातली वस्ती

जन्माच्या क्षणी बाळाच्या आतड्यात जवळपास काहीच वस्तीला नसतं. पुढच्या काही तासांत तिथे जिवाणू पोहोचतात आणि आठवडाभरात त्यांची संख्या मोजण्यापलीकडे जाते. ते आईच्या जन्ममार्गातून येतात, तिच्या विष्ठेतून येतात (यात ओशाळण्यासारखं काही नाही, निसर्गानं दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या आहेत), तिच्या त्वचेवरून आणि दुधातून येतात, नर्सच्या हातांवरून येतात, खोलीतल्या धुळीतून येतात. आमच्या कोकणात ते सहाणेवर उगाळलेल्या घुटीतूनही येतात. यातले कोण आधी पोहोचले, कोणाचं बस्तान बसलं, यावर त्या बाळाला पहिल्या महिन्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका काही अंशी ठरतो. बाळंतिणीच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. जिवाणू म्हणजे रोग, हे समीकरण आमच्या पाठ्यपुस्तकांनी मुलांच्या डोक्यात पक्कं केलं होतं. यंदा श्रावणात माझी भाची बाळंतपणासाठी मालवणजवळच्या आमच्या घरी होती. तिचं सिझेरियन झालं. बाळ पूर्ण दिवसांचं होतं, वजनही चांगलं होतं, तरी घरी आल्यावर तिनं विचारलेला पहिला प्रश्न होता, "मावशी, हिला सिझरमुळे इन्फेक्शन होईल का गं?" तिनं मोबाईलवर काहीबाही वाचलं होतं. तिला थातुरमातुर उत्तर देणं मला जमेना, म्हणून मी वाचायला बसले.

नवजात बाळाच्या आतड्यात सुरुवातीला प्राणवायू असतो. त्यामुळे पहिल्यांदा येतात ते प्राणवायूत आणि त्याशिवायही जगू शकणारे जिवाणू, म्हणजे ई. कोलाय, एन्टेरोकॉकस आणि त्यांचे भाईबंद. ई. कोलाय हा जिवाणू मुळात सापडला तोच तान्ह्या मुलांच्या विष्ठेत. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञानं त्याचं वर्णन केलं. हे पहिले जिवाणू तिथला प्राणवायू वापरून टाकतात आणि मग प्राणवायू न सोसणाऱ्यांना जागा होते. १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिये यांना आईच्या दुधावरच्या बाळांच्या विष्ठेत इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले जिवाणू दिसले. आज आपण त्यांना बिफिडोबॅक्टेरियम म्हणतो. हे स्थिरावले की बाळाचं बरंच निभावतं.

ते का स्थिरावतात, हे वाचताना मी दोनदा थांबले. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल भरणा असतो तो काही खास साखरेच्या साखळ्यांचा. त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार सापडले आहेत. बाळाला यातली एकही पचवता येत नाही. बाळंतपणानं खंगलेलं आईचं शरीर स्वतःची ताकद खर्चून अशी साखर बनवतं, जी बाळाच्या अंगी लागतच नाही. ती सरळ खाली मोठ्या आतड्यात जाते आणि तिथे बिफिडोबॅक्टेरियम तिच्यावर पोसतो. म्हणजे आई एकाच पदरातून दोघांना पाजत असते. हे जिवाणू ती साखर खाऊन लॅक्टिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल सोडतात, आतडं आम्लधर्मी होतं, आणि क्लेब्सिएलासारख्या उपद्रवी जिवाणूंना तिथे वाढणं अवघड जातं.

लावणी झाल्यावर आमच्याकडे शेताचे बांध तपासून पाणी धरून ठेवतात. भाताला पाणी हवंच असतं, पण धरलेल्या पाण्याचा दुसरा उपयोग हा, की तण उठत नाही. बी तर मातीत पडलेलंच असतं, ते वेचून काढणं कुणाला शक्य नाही. बांध फुटून पाणी निघून गेलं, की मात्र चार दिवसांत शेत तणानं भरतं. दुधातून बनलेलं ते आम्ल बाळाच्या आतड्यात हेच काम करतं.

हे पाणी सगळीकडे तितकंच उभं राहत नाहीये, हीही चिंतेची गोष्ट आहे. १९२६ पासून पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत नोंदवलेले आकडे एकत्र करून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की आईच्या दुधावरच्या बाळांच्या विष्ठेचा पीएच (हा आकडा वाढला की आम्लपणा कमी झाला) ५ वरून ६.५ पर्यंत सरकला आहे. ही आकडेवारी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली. बिफिडोबॅक्टेरियम कमी होत गेल्याची ती खूण आहे, असं त्यांचं म्हणणं.

आता संसर्गाकडे येते. बाळाच्या रक्तात जंतू पसरतात, त्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. आपली समजूत अशी, की हा जंतू बाहेरून कुठून तरी थेट आत शिरला. कधी तसं होतंही, नाळेतून किंवा सलाईनच्या नळीतून. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अभ्यासात पुष्कळदा असं आढळलं, की रक्तात सापडलेला जंतू आधीपासून त्याच बाळाच्या आतड्यात होता. नवजात बाळाच्या आतड्याचं अस्तर अजून पक्कं झालेलं नसतं, जठरातलं आम्लही सौम्य असतं. उपद्रवी जिवाणूंची तिथे गर्दी झाली, की त्यातले काही भिंत ओलांडून रक्तात उतरतात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमध्ये झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या आजारी नवजात बाळांच्या रक्तात सर्वांत जास्त सापडले ते अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. त्यातल्या मोठ्या संख्येवर अनेक प्रतिजैविकं चालेनाशी झालेली होती. औषध लागू पडत नसेल, तर मुळात गर्दीच होऊ न देणं हा उपाय किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर यातच कुठेतरी होतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५९६ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिझेरियननं जन्मलेल्या बाळांना आईच्या आतड्यातले बॅक्टेरॉइड्स नावाचे जिवाणू फारसे मिळाले नव्हते. त्याऐवजी रुग्णालयात आढळणारे एन्टेरोकॉकस आणि क्लेब्सिएला त्यांच्यात जास्त होते. पण सहा महिने ते वर्षापर्यंत, बाळ वरचं खायला लागलं, की हा फरक बराचसा मिटलेला दिसला. मी तिला हे सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. आणि हेही सांगितलं, की सिझेरियन करावं लागलं ते बाळाचे ठोके मंदावले म्हणून, आणि त्यामुळे आज दोघी माझ्यासमोर बसल्या आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली होती. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी कशाची, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो दवाखान्यांना आणि व्यवस्थेला विचारायचा. ज्या बाईच्या पोटावरचे टाके अजून ओले आहेत, तिच्यावर त्याचं ओझं टाकणं मला क्रूर वाटतं.

जन्माची वाट बदलता येत नसली, तरी त्यानंतरचं पुष्कळ आपल्या हातात असतं. आणि इथेच आमच्या घराघरांत गोष्ट अडते. बाळाच्या तोंडात काही न घालणं, हे कोकणातल्या घराला सगळ्यात जड जातं.

आम्ही दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी वाडीतली एक आजी बाळाला बघायला आली. पडवीत टेकायच्या आधीच तिचा प्रश्न आला, "मध चाटवलात मा?" सोन्याचं वळं मधात घासून बाळाच्या जिभेला लावायचं, ही आमच्याकडची रीत. मग घुटी. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ, अतिविष, खारीक, बदाम, एकेकाचे ठरलेले वेढे सहाणेवर द्यायचे आणि बोटानं चाटवायचं. या घुटीच्या डब्याला घरात मान असतो, तो लेकीला आईकडून मिळतो. त्यामागची माया मी जाणते. माझ्या आईनं मलाही हीच घुटी दिली.

पण मधाचं गणित फार वेगळं आहे. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तुमच्याआमच्या पोटात ते गेले तरी काही होत नाही, कारण आपल्या आतड्यात आधीच इतकी भरगच्च वस्ती असते की त्यांना रुजायला जागाच मिळत नाही. तान्ह्या बाळाचं आतडं अजून मोकळं असतं. तिथे ते बीजाणू रुजतात, विष तयार करतात, आणि बाळ लुळं पडतं. आधी शौचाला होत नाही, मग रडणं क्षीण होतं, चोखण्याची ताकद जाते, मान टाकतं, शेवटी श्वासाचे स्नायूही साथ सोडतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात हा आजार प्रथम ओळखला गेला. तो दुर्मीळ आहे, हे खरं. पण आतड्यात आधी कोण बसलंय यावर बाळाचा जीव कसा अवलंबून असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला सापडला नाही. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, एक थेंबही नाही.

घुटीची अडचण साधी आहे. सहाण, ते पाणी, ती वर्षभर डब्यात राहिलेली हळकुंडं, पावसाळ्यात त्यांवर धरणारी बुरशी, आणि ते चाटवणारं बोट. यातलं काहीच निर्जंतुक नसतं. जे पोट अजून फक्त दुधासाठी तयार झालंय, त्यात आपण रोज बाहेरचे जिवाणू घालतो.

आजीला मी हे माझ्या परीनं सांगितलं. ती रागावली. "आमची पोरां काय मेली काय?" असं म्हणाली आणि मग एकदम गप्प झाली. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं, की तिच्या पाठची दोन भावंडं बारशाच्या आधी गेली होती. त्यांची नावं नाहीत. जुन्या घरांत असं एखादं बिननावाचं मूल नाही असं घर मला माहीत नाही. सटवाई सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात; पाचवी पुजतात, रात्र जागवतात, दारात कोयता ठेवतात. ही सगळी त्या पहिल्या आठवड्याची भीती आहे आणि ती भीती खोटी नव्हती. जगात पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजही पहिल्याच आठवड्यात जातात. नाळ विळ्यानं कापली जायची, त्यावर राख दाबली जायची, आणि धनुर्वातानं बाळ ताठ व्हायचं. लसीकरण आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे २०१५ मध्ये भारत नवजात धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या बातमीचा आनंद आपण साजरा केला नाही, याची मला खंत आहे.

जुन्या रीतींमधलं सगळंच टाकाऊ नाही. सोयर पाळायचं म्हणून बाळंतिणीला दहा दिवस वेगळी खोली मिळायची, चुलीपासून सुटका मिळायची, येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता कमी व्हायचा. कारण शुद्धाशुद्धतेचं होतं आणि ते मला पटत नाही. पण आई आणि बाळ एकमेकांना चिकटून राहायची, हा त्याचा परिणाम उत्तम होता. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले, आणि सेप्सिसही कमी झाला. त्वचेला त्वचा लागते तेव्हा ऊब मिळते, दूध लवकर उतरतं, आणि बाळाच्या अंगावर वस्ती होते ती आईकडच्या जिवाणूंची.

जी रीत टाकायलाच हवी, ती म्हणजे पहिलं दूध पिळून टाकणं. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण शेजारीपाजारी वाटतो, आणि बाईचं तेच घट्ट पिवळं दूध जड, खराब म्हणून टाकून देतो! त्या दुधात आयजीए नावाची प्रतिद्रव्यं सर्वांत जास्त असतात. ती बाळाच्या आतड्याच्या आतल्या बाजूला अस्तरासारखी पसरतात आणि जंतूंना भिंतीला चिकटू देत नाहीत. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की आईच्या आतड्यात ज्या जंतूंशी सामना झालेला असतो, त्यांना ओळखणाऱ्या पेशी तिथून निघून स्तनांत येतात आणि नेमकी त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं दुधात सोडतात. म्हणजे या वाडीत, या विहिरीच्या पाण्यात, या घरात जे जंतू आहेत, त्यांच्याशीच लढायची तयारी या दुधात असते. कुठल्याही डब्यातल्या पावडरीत हे येणार नाही. दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी "दूध पुरत नाही वाटतं" हे वाक्य चौथ्या दिवशी कुणीतरी बोलतंच. भाचीला ते तीन जणींनी ऐकवलं. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त ४१.८ टक्के बाळांना जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध मिळालं होतं.

ज्या आईला खरोखर दूध येत नाही, किंवा जी स्वतः अतिदक्षता विभागात आहे, तिच्या बाळाचं काय? मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून, जंतुमुक्त करून लहानग्या बाळांना दिलं जातं. तापवल्यानं प्रतिद्रव्यं काही प्रमाणात घटतात, पण त्या खास साखरा टिकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याला गँगरीन होण्याचा एक भयंकर आजार असतो. डब्याच्या दुधावर त्याचा धोका दात्या आईच्या दुधापेक्षा जवळपास दुप्पट असतो. कोकणातल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं मुंबईत होतात. ही सोय आपल्या लोकांना ठाऊक असावी, म्हणून आवर्जून लिहिलं.

आशाताई तिसऱ्या दिवशी आली, मग सातव्या. चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस असं तिचं ठरलेलं वेळापत्रक असतं. भर पावसात, पाणंदीतून, छत्री मोडलेली. आधी साबणानं हात धुतले, मग झोळीत घालून वजन, काखेत थर्मामीटर, आणि घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजले. "साठच्या वर गेले तर मला लगेच फोन करायचा, बाई," ती म्हणाली. "छाती आत ओढली जात असेल, बाळ ओढून पीत नसेल, अंग गार पडलं किंवा तापलं, नुसतं पडून राहिलं, तर रात्र बघायची नाही. १०८ ला लावायचा." नवजात बाळाला प्रत्येक वेळी ताप येतोच असं नाही, ते गारही पडतं, हे तिनं भाचीच्या सासूला तीनदा समजावलं. ही भेटींची योजना आकाशातून पडलेली नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, सेप्सिस ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शनही दिलं. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. आमच्या पायरीवर चिखलाचे पाय धुणारी ती मुलगी त्याच कामाचा पुढचा धागा आहे. तिला मिळणारं मानधन या कामाच्या जवळपासही जात नाही.

गणपतीत मुंबईची मंडळी आली. दारात बादली, तांब्या आणि साबण ठेवला. बाळाचा मुका कुणी घ्यायचा नाही, खोकला असेल त्यानं खोलीतच यायचं नाही, असं माझ्या मेहुण्यानं स्वतः सांगितलं. दोघं जण दुखावले गेले. दुखावू देत.

त्याच दिवसांत भाचीनं ओडिशाबद्दल वाचलं. तिथल्या १४९ गावांमध्ये साडेचार हजारांहून अधिक निरोगी, आईच्या दुधावरच्या बाळांची चाचणी डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं केली. निम्म्या बाळांना सात दिवस रोज एकदा लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा एक ठरावीक वाण आणि त्याला पोसणारी साखर दिली, उरलेल्यांना जिवाणू नसलेली साधी पुडी. दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यू झालेल्यांचं प्रमाण साध्या पुडीवाल्या बाळांमध्ये ९ टक्के होतं, या बाळांमध्ये ५.४ टक्के. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर चर्चा झाली. गर्दी होऊ न देणं हा उपाय खरोखर चालतो, याचा हा आपल्याच देशातला पुरावा.

"मग हे मेडिकलमधून आणूया का?" भाचीनं विचारलं.

नाही, असं मी म्हणाले. दुकानात प्रोबायोटिक म्हणून मिळतं ते हेच नसतं. वाण बदलला की परिणाम बदलतो. ब्रिटनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या तेराशेवर बाळांना वेगळा वाण देऊन पाहिला, २०१६ मध्ये निष्कर्ष आले, काही फायदा दिसला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत अशाच उत्पादनातला जिवाणू रक्तात पसरून अपुऱ्या दिवसांचं एक बाळ दगावलं, आणि तिथल्या औषध नियामकांनी इशारा दिला. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बाळाला जिवंत जिवाणू देणं मला मधाच्या बोटाइतकंच धोक्याचं वाटतं. अशा चाचण्या आणखी व्हाव्यात, आपल्या जिल्ह्यांतही व्हाव्यात, असं मात्र मला फार वाटतं.

"मग तोवर?"

तोवर उकड्या तांदळाची पेज, नारळाच्या दुधातली अळिवाची खीर, कुळथाची पिठी, आणि झोप. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजायचं म्हणजे त्या बाईला दुसरं कुठलंही काम असता कामा नये. दुपट्यांची धुणी जावई करतो. भांडी माझ्याकडे आहेत. पहाटेचं पाजून झालं, की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम तिच्या सासऱ्यांनी मागून घेतलंय, आणि त्याआधी ते न सांगता विहिरीवर जाऊन हात धुऊन येतात.